निळा फ्रॉक

नातीच्या स्वेटरांची पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मी पुन्हा बंगळूरच्या त्या बालगृहाच्या ऑफिसात उभी असते. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी सात वर्षांची असेन.

आम्हा मुलींत चांगला फ्रॉक एकच होता, निळा, गोळ्या घालून कपाटात ठेवलेला. मूल न्यायला कुणी आलं की जिला दाखवायचं, तिला तो घालायचे. त्या रविवारी मला घातला. पाठीची बटणं माझ्या सख्ख्या अक्कानेच लावली. लावता लावता म्हणाली, "बहीण आहे का विचारलं, तर नाही म्हण. दोघींना कुणी नेत नाही." ती दहाची होती. माझ्या नातीला दहाव्या वर्षी स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही.

हेब्बाळहून आलेल्या बाईंनी विचारलंच. मी म्हटलं, "नाही." क्लार्कने लिहून घेतलं. मला रडू आलं नाही. टेबलावरची शाईची दौत तेवढी आठवते.

फ्रॉक तिथलाच, म्हणून निघताना काढून घेतला. अक्काने त्याची घडी घातली, आत गोळी ठेवली आणि माझ्याकडे न बघता गेली.

लग्नानंतर मी तिला शोधायला गेले. तिला कुठे पाठवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या क्लार्कने जुनं रजिस्टर काढून माझ्या नावावर बोट ठेवलं. "अम्मा, इथे बहीण नाही असं लिहिलंय."

मी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि बाहेर आले.