सहा फुटांचा आलेख

टेंबेकाकूंच्या दाराची बेल वाजवली की आधी आत खुर्चीची चाकं कुरकुरतात, मग दार उघडतं. विद्याधर नगरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये काकू एकट्या राहतात. काका विमा कंपनीत अधिकारी होते. बदलीवर जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. मुलगा वरुण बंगळूरला असतो. "आई, आता इकडे ये," असं तो प्रत्येक फोनवर म्हणतो आणि काकूंचं उत्तर ठरलेलं असतं, "मग रविवारचा वर्ग कोण घेणार?"

हा वर्ग मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत भरायचा. बदलीवर आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना काकू मराठी वाचायला शिकवायच्या. मुलं दिवसभर हिंदीत वावरायची, त्यामुळे "काकू, मतलब आज गोष्ट नाही?" अशी त्यांची मराठी. एके काळी खोली भरून व्हरांड्यात सतरंजी टाकावी लागायची. आता चार मुलं उरली होती.

आठवड्याचे बाकीचे दिवस काकू आलेख नीट करतात. काका गेल्यावर त्या झोटवाड्याच्या एका छापखान्यात कामाला लागल्या आणि तिथेच संगणकावर चित्रं-अक्षरं मांडायचं कोरल शिकल्या. आता ते लोक घरीच फाइली पाठवतात. पुस्तकाच्या पानासाठी केलेला आलेख कुणाला भिंतीएवढा हवा असतो, कुणाला भिंतीवरचा पानावर. लोक माउसने कोपरा पकडतात आणि ओढतात. मग गोल ठिपक्यांची अंडी होतात, अक्षरं फुगतात, रेघा जाड होतात. ते निस्तरण्याचं काम काकूंचं. मी जवाहर नगरात राहतो, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळचा धुळ्याचा. कुणाशी तरी मराठीत बोलावं म्हणून शनिवारी शहर ओलांडून काकूंकडे जायला लागलो आणि जातच राहिलो.

यंदा फेब्रुवारीत मी बसलेलो असताना मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव आले. कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त. चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"वैनी, स्पष्टच सांगतो. त्या खोलीचा विषय सभेत येणार. कार्यक्रमांची भांडी ठेवायला जागा नाही म्हणतात लोक. चार पोरांसाठी खोली कशाला अडवायची, असं चाललंय."

"तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय असणार! माझा नातूच शिकला की तुमच्याकडं. म्हणून सांगतो, वर्षागणिक किती पोरं आली त्याचा एक आलेख करा. एवढी वर्षं वर्ग चाललाय हे दिसू दे सगळ्यांना. स्टेजच्या वर लावू. जागा लांबट आहे, सहा फूट बाय दीड."

आलेख काकूंकडे होताच, दर वर्षी त्या एक ठिपका वाढवत. जवळजवळ चौरस आलेख. रेष चढत जायची, माथ्यावर थोडी रेंगाळायची आणि मग खाली यायची. पुढच्या शनिवारी काकूंनी डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून माउस माझ्या हातात दिला. मी सगळं एकदम निवडलं आणि बाजूची खूण धरून ओढली.

"अरे, इंजिनिअर ना तू? लाटलंस की पापडासारखं! तो ठिपका बघ, उपासाचा बटाटा झालाय."

"मग कसं करू?"

"आधी पूर्वीसारखं कर. आता अक्षरं बाजूला काढ. ठिपके बाजूला काढ. त्यांना ताणायचंच नाही. फक्त रेष आणि अक्ष निवड. आकाराबरोबर जाडी वाढू दे, अशी खूण असेल बघ, ती काढून टाक. हं, आता ओढ सहा फुटांपर्यंत. आता एकेक ठिपका उचल आणि आपापल्या जागी नेऊन बसव."

मी ठिपके बसवत गेलो. प्रत्येक ठिपका होता तेवढाच, तसाच गोल. फक्त शेजारच्या ठिपक्यापासून लांब गेला होता. शेवटी अक्षरं आणून ठेवली. कुठेही काही फुगलं नव्हतं की चेपलं नव्हतं. मी खूश होऊन मागे सरकलो आणि मग माझ्या लक्षात आलं.

"काकू, उतार गेला."

"गेला ना," त्या म्हणाल्या. बारीक डोळे करून त्याही तेच बघत होत्या. चौरस आलेखातला उभा कडा सहा फुटांच्या पट्टीवर साधा चढउतार झाला होता. चार मुलांचा शेवटचा ठिपकासुद्धा फार खाली वाटत नव्हता.

"हे खोटं आहे का?"

"आकडे तेच आहेत. ठिपके गोल आहेत. आणि सहा फूट सर्जेरावांनी सांगितले, मी नाही." त्या हसल्या. मग पदराने डोळ्यांतला थेंब टिपत म्हणाल्या, "स्वप्नील, ही खोली गेली ना, तर रविवारी मला घराबाहेर पडायला कारण नाही रे." मी फाइल सेव्ह केली. "पाठव छापायला," काकू म्हणाल्या.

सभेत कुणीतरी चार मुलांचा विषय काढलाच. सर्जेरावांनी स्टेजच्या वर बोट दाखवलं. "ते बघा की! थोडं कमीजास्त व्हायचंच. एकदम काय कोसळलंय?" लोकांनी माना वर करून पाहिलं आणि खोली वर्गाकडेच राहिली. काकूंना टाळ्या मिळाल्या. पट्टीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मे महिन्यात बदल्या निघाल्या. वर्गातल्या चौघांपैकी तनयाच्या बाबांना भोपाळ मिळालं. मिताली आणि तिचा भाऊ नागपूरला गेले. उरलेल्या सोहमचा क्लास रविवारी असायला लागला. त्याच्या आईने फोनवर तीनतीनदा माफी मागितली.

काकूंनी तरीही जुलैत खोली उघडली. एका रविवारी मी गेलो तेव्हा सतरंजी अंथरलेली होती, फळ्यावर तारीख होती आणि काकू दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. माझी पावलं ऐकून त्या चटकन उठल्या. मी दिसल्यावर म्हणाल्या, "तू होय. ये." त्या महिन्याचे सगळे रविवार त्यांनी असेच काढले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी त्यांनी दार उघडलं तेव्हा पडद्यावर आलेख होता. पट्टी नव्हे, जुना चौरस. त्यात त्या यंदाचा ठिपका घालत होत्या. तो अगदी तळाच्या अक्षावर बसला आणि अर्धा दिसेनासा झाला. आलेख चौकटीत बसवलेला होता, चौकटीबाहेर जाईल ते कापलं जात होतं.

"राहू द्या ना काकू," मी म्हटलं, "शून्यच तर आहे."

"शून्य मुलांचं आहे. मी बसले होते की तिथे."

त्यांनी चौकट सोडवली. ठिपका पूर्ण झाला, अर्धा रेषेच्या वर, अर्धा खाली, इतर सगळ्यांएवढाच गोल. त्यांनी तो जवळ आणून नीट तपासला. मग सर्जेरावांना फाइल पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली, 'खोली भांडी ठेवायला द्यावी.'

"वरुणला सांगितलंत?"

"नाही. लगेच माझं तिकीट काढेल." त्या खुर्चीवरून उठल्या. चाकं कुरकुरली. "तू उद्या काय करतोयस? काम काही नाही. नुसतं विचारलं."