दोन गोलांमधली रेघ
कडेला भोकं असलेला प्रिंटरचा जुना कागद परवा सापडला आणि नव्वदच्या दशकातलं खांदा कॉलनीतलं आमचं उकडणारं ऑफिस आठवलं. सहा जण मिळून एका दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो आणि तो सारखा अडकत होता. शेवटी मॅनेजरबाईंनी प्रत्येकाला विचारलं, "अडलं की कोणाकडे जाता?" मग अशाच कागदावर सहा जणांचे सहा गोल काढून, जो ज्याच्याकडे जातो त्यांचे गोल त्यांनी रेघांनी जोडले. मी आणि शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी, आमच्या दोघांच्या गोलांमध्ये रेघच नव्हती. "प्रोग्रॅममध्ये तुमच्या दोघांचे भाग एकमेकांना जोडलेले आहेत, चूक इथेच असणार," त्या म्हणाल्या. ज्युनिअरला काय विचारायचं, म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं. खुर्ची ओढून तिच्याजवळ गेलो. "तारीख कशी लिहितेस?" "आधी दिवस, मग महिना. तुम्ही?" मी उलटी लिहीत होतो, म्हणून माझी तारीख तिच्या भागात गेली की प्रोग्रॅम अडकायचा. "मला विचारायचं होतं," ती म्हणाली, "पण तुमची भीती वाटायची." चूक पाच मिनिटांत सुधारली, तिचं ते वाक्य मात्र मला अजून टोचतं.