चादरीखालचं मशीन

हदगावकडचं गाव सोडून लातुरात आलो ते बायकोच्या आजारामुळं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. इथल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात लोकांच्या देणग्यांवर डायलिसिस फुकट व्हायचं. आठवीतच शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी वॉर्डात कामालाही ठेवून घेतलं. सगळे मला मामा म्हणायचे. भिंतीवर देणगीदारांच्या पितळी पाट्या होत्या. त्या पुसताना मी मनातल्या मनात हात जोडायचो. बायको त्यांच्याच पुण्याईवर श्वास घेत होती.

मग एक जुनं मशीन बंद पडलं आणि आठवड्यातली तिची डायलिसिसची दुसरी पाळी गेली. पाय सुजायला लागले. चार पावलं चालली की ती भिंतीला टेकायची.

तेवढ्यात नवीन मशीन आलं. नांदेडच्या एका बाईंनी आपल्या सासूच्या नावानं दिलेलं. ते जोडून, तपासून झालं आणि त्यावर पांढरी चादर टाकली. उद्घाटन बाईंच्या हातानं व्हायचं होतं. त्याच आठवड्यात बाईंचे थोरले दीर वारले.

देणगीचं काम बघणाऱ्या साहेबांना मी भीत भीत विचारलं, मशीन कधी सुरू होईल म्हणून.

"मामा, त्यांच्या घरात सुतक आहे. अशात नारळ फोडायला या म्हणून फोन करू का? कसं दिसेल ते?"

मलाही पटलं. दुःखातल्या घरी आपण कामाचं बोलत नाही. "हाव साहेब," म्हणालो.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आपल्या लग्नालाबी एवढा मुहूर्त पाहिला न्हाई कुणी. लई मानाचं दिसतंय तुमचं मशीन." हसता हसता तिला धाप लागली.

सुतक फिटलं. पण वर्षाच्या आत त्या घराला शुभकार्याचं कसं विचारायचं, म्हणून साहेब थांबले. मी रोज चादरीवरची धूळ झटकत राहिलो. नांदेडला सरकारी दवाखान्यात तिचा नंबर लावून ठेवला होता. तो लागायच्या आत ती गेली.

गावी दिवस घालून परत आलो. गावात आता माझं काही उरलं नव्हतं आणि इथं निदान काम होतं. एका सकाळी त्या बाई न कळवताच आल्या. सासूची पाटी बघायची होती त्यांना.

"हे झाकून का ठेवलंय?"

साहेबांनी सुतकाचं सांगितलं. बाई बाकावर बसल्या. "अहो, आम्ही कुठं थांबा म्हणालो? एक फोन करायचा. घरात माणूस गेलेलं असताना दुसऱ्याचं माणूस अडवून ठेवू का आम्ही?"

साहेब माझ्याकडं बघेनात. मी कोण, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

"मामा, काढा ती चादर," साहेब म्हणाले.

मी काढली. दुपारी अहमदपूरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना त्यावर घेतलं. बाई जाताना मला म्हणाल्या, "लोकांना उपयोग होईल ना हो याचा?"

"लई होईल, ताई," मी म्हणालो. ते खरंच होतं. राग धरायला माणूस सापडत नव्हता. मी मास्तरांच्या पायावर पांघरूण सारखं करत उभा राहिलो.