धुराच्या वासाची व्हिस्की

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. लपवण्यासारखं फार काही आहे असंही नाही — निदान पहिल्या अर्ध्या भागात तरी नाही. मला धुराच्या वासाची व्हिस्की आवडत नाही. अजिबात नाही. आणि आमच्या मित्रांत मी तिचा दर्दी म्हणून ओळखला जातो!

सुरुवात सुधाकरकडे झाली. सुधाकर माझा शाळेतला मित्र, बोटीवर चीफ इंजिनियर. रजेवर मांडवीला आला की रविवारी दुपारी आम्हा मित्रांना घरी बोलवायचा आणि बाहेरून आणलेली बाटली उघडायचा. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची. तिकडे म्हणे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. पहिला घोट घेतला — शेतातल्या भाजावळीच्या राखेत कुणीतरी औषधाची बाटली ओतावी, तशी चव. सुधाकर माझ्या तोंडाकडे बघत होता. काय बोलणार? म्हटलं, "वा! ही खरी व्हिस्की!"

तो इतका खूश झाला, की पुढे दर रजेत माझ्यासाठी वेगळी बाटली यायला लागली. मीही मग चार गोष्टी वाचल्या, ग्लास हुंगून डोळे मिटायला शिकलो. नव्याने येणाऱ्याला समजावून सांगायलाही लागलो. गिळताना मात्र श्वास रोखायचो.

इथवर ठीक होतं. कुणाचं काय बिघडत होतं?

पण नंदूचं सांगायला हवं. नंदूही आमच्याच वर्गातला. घरचा मासेमारीचा धंदा, आता स्वतःचे ट्रॉलर आहेत. शाळेत काही मुलं त्याला बघून नाक दाबायची, त्याच्या बाकावर बसायची नाहीत. मी बसायचो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही — पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

एका रविवारी सुधाकरने नंदूलाही बोलावलं. तो पहिल्यांदाच येत होता. येताना घरून तळलेली सुरमई घेऊन आला, डबा भरून. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करत म्हणाला, "मेल्या सुधाकर, ही दारू की जखमेवर लावायचं औषध? वर सुक्या बोंबलांना आग लागल्यासारखा वास!"

अगदी तेच! मला इतकी वर्षं जे म्हणायचं होतं, ते तो पहिल्याच घोटाला बोलून गेला. मी नुसतं "खरंय रे" म्हटलं असतं तरी पुरे होतं. सुधाकरनेही हसण्यावारी नेलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले — जाणकार मी ना! आता याला हो म्हटलं तर माझं काय?

मी म्हणालो, "नंद्या, तुला मासळीशिवाय दुसरा कसला वास कळतो का रे?"

सगळे खो खो हसले. नंदूही हसला. पण हसताना त्याने माझ्याकडे पाहिलं — दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेच. थोडा वेळ बसला, मग बंदरावर काम आहे म्हणून उठला. त्याने आणलेली सुरमई आम्ही संपवली. मीही खाल्ली.

तो परत कधी आला नाही. कुणी विचारलं, की मीच सांगायचो, "सीझन चालू आहे त्याचा, वेळ कुठला?"

गेल्या हिवाळ्यात मिरकरवाड्याच्या बंदरावर तो दिसला. त्यानेच हाक मारली. माझ्या मुलीची चौकशी केली, नको नको म्हणत असताना पिशवीत बांगडे घातले. मग सहज विचारलं, "काय रे, अजून पितोस ती धुराची?"

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, तो मला वाट करून देत होता. जवळपास ओळखीचं कुणी नव्हतं. सुधाकर नव्हता, हसणारे नव्हते. भीती वाटावी असं कुणीही नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "आवडते ना मला."

"बरं," नंदू म्हणाला, आणि बर्फ उतरवणाऱ्या गड्यांकडे वळला.