ती दोनदा विचारत नसे

ग्लासाखाली ठेवायचा कोस्टर समोर आपटून ती म्हणायची, "व्हॉट." त्यात प्रश्न नसायचा बरं का. पोलीस चौकीत विचारतात तसं. हाय नाही, हाऊ आर यू नाही.

अमेरिकेत, पार्सिपनीतला आमच्या घराजवळचा तो जुना पब. ठेंगणं छत, काळपट लाकडी काउंटर, भर दुपारी अंधार, आणि बरणीत व्हिनेगरमध्ये मुरत पडलेली अंडी, जी कुणी खाताना मी कधी पाहिली नाहीत. ती सत्तरीची. मालकीणही तीच, बिअर भरणारीही तीच. मी मनात तिला हेडबाई म्हणायचो. फोनवर मोठ्यानं बोललात, बाहेर. दोन टेबलं जोडलीत, बाहेर. अल्फारेटाहून आलेल्या माझ्या मित्रानं "व्हेज काय आहे?" विचारलं, तर म्हणाली, "पॉपकॉर्न. नाहीतर ते दार." तो अजून मला त्यावरून ऐकवतो.

मी नागपूरचा. मला असली माणसं झेपतात. ती खेकसली की मीही खेकसायचो. सहा वर्षं आमचं छान चाललं होतं.

मग माझी नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बायकोला सांगायचा धीर होईना. सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो, लायब्ररीत बसून अर्ज करायचो आणि दुपारी तिच्याकडे. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बिअर भरली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ऑन मी," ती म्हणाली. म्हणजे पैसे नकोत, ही माझ्याकडून.

"नो नो, इट्स ओके," मी म्हणालो.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात काय करतात? पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा पाहुणा हावरट. आपण नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग 'बरं, अर्धाच' म्हणत पूर्ण संपवायचं. मला ती बिअर हवी होती हो. त्या आठवड्यात माझ्याशी दुसरं कुणी चांगलं वागलेलं नव्हतं. ती पुन्हा विचारेल म्हणून मी वाट बघत बसलो.

तिनं ग्लास उचलला आणि माझ्यादेखत सिंकमध्ये ओतला.

त्यानंतर तिनं मला 'व्हॉट'सुद्धा म्हणणं सोडलं. सगळ्यांचं झालं की माझा ग्लास आदळायची. मीही हट्टी. नवी नोकरी लागली, घरी सगळं सांगून बोलणी खाल्ली, पण शनिवारची दुपार सोडली नाही. चारचौघांत अपमान करते म्हणजे काय? शेवटी शेजारच्या स्टुलावरचा म्हातारा प्लंबर म्हणाला, "तीस वर्षांत तिनं मला एकदाच पाजली. माझी बायको गेली तेव्हा. आणि तू नाही म्हणालास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला गाठलं आणि सांगितलं, आमच्यात आधी नको म्हणतात, मग तुम्ही पुन्हा विचारायचं असतं. तिनं फडकं पिळलं.

"आय डोन्ट आस्क ट्वाइस."

झालं. कसली माफी आणि कसलं काय. आणखी दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघत काढली.

मग तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. पब विकून ती मुलीकडे फ्लोरिडाला निघाली. शेवटच्या शनिवारी गर्दी होती, पण फुकट तिनं कुणालाच काही दिलं नाही. माझ्यापुढे मात्र कोस्टर आपटला, वर भरलेला ग्लास ठेवला.

"ऑन मी."

गुपचूप घ्यायचा ना? पण दोन वर्षांचा राग अंगात होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नो."

प्लंबरनं कपाळाला हात लावला. तिनं ग्लास उचलला, सिंकपाशी नेला आणि माझ्याकडे पाठ करून तशीच उभी राहिली. मला वाटलं, गेलं सगळं. मग ती लंगडत परत आली.

"ऑन मी," ती दातओठ खाऊन म्हणाली.

इतक्या रागानं मला कुणी कधी आग्रह केलेला नाही. मी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि रडलो. तिनं काउंटर पुसायला घेतला.

आता तिथे लख्ख दिवे आहेत. नवी मुलगी हसून चार-चार वेळा विचारते, अजून काही देऊ का? मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणून मोकळा होतो. नको म्हणावं असं तिथे आता कुणी नाही.