मावशींचा काचेचा वॉर्ड

उस्मानपुऱ्यात माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते हे मला कुणी शिकवायला नको. मासा धडधाकट असतो तोवर दुकानाकडं फिरकायचं नाही. उलटा तरंगायला लागला की पिशवीत घालून आणायचा आणि माझ्याकडं असं बघायचं, जणू मीच त्याला विष घातलं. माझी बायको सुलेखा म्हणते, तुम्ही चिडता म्हणून दुकान चालत नाही. असेल. पण पारूबाई मावशींवर चिडलो तेवढा मी कुणावरच चिडलो नाही, आणि त्यांच्याइतकी ओढ दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाची मला लागलेली नाही.

मावशी मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा लहानग्या बुद्धभूषणला घेऊन शहरात आल्या आणि आमच्याच भागातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या. उमर तिथंच गेली. बाळं पुसायची, चादरी बदलायच्या, बाळंतिणीला धरून उठवायचं, घाबरलेल्या पोरींना दटावायचं. डॉक्टरीणबाईंपासून पेशंटच्या सासूपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. वय झालं म्हणून डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला आणि मावशी घरी बसल्या. ते त्यांना जमेना. घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. शेवटी वाळूजला कंपनीत जाणाऱ्या बुद्धभूषणनं वैतागून माझ्याकडून एक काचेची टाकी आणि काळ्या मोली माशांची जोडी नेली.

मोली अंडी घालत नाही, थेट जिवंत पिलं देते. हे कळल्यावर मावशींची कळी खुलली. "म्हंजी आपलंच काम की!" त्या म्हणाल्या. तेव्हापासून ती टाकी म्हणजे वॉर्ड. मादीचं पोट दिसायला लागल्याबरोबर त्यांनी नराला बरणीत घातलं आणि बरणी माझ्या दुकानात आणून ठेवली.

"पुरुष मान्साचं तिथं काय काम?" वर मलाच विचारलं.

मादीचं खाणं मात्र वाढलं. थोडं थोडं घाला, उरलेलं तळाशी कुजतं, पाणी खराब होतं, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. मावशी हसायच्या. "भाऊ, दोन जिवांची हाये ती. तिला मोजूनमापून घालू व्हय?"

मग एका सकाळी त्या दुकानात आल्या त्या पडेल चेहऱ्यानं. मोली खाईना, कोपऱ्यात वर जाऊन नुसती थांबली होती. घर जवळच, म्हणून मी दुकान सुलेखावर सोपवून गेलो. टाकीत वरून पाहिलं आणि कळायचं ते कळलं. गाभण मासोळीचं पोट कितीही वाढलं तरी खवले अंगालगतच राहतात. हिचे खवले उभे राहिले होते, थंडीत कोंबडी पिसं फुलवून बसते तसे. डोळेही जरा बाहेर आलेले.

"मावशी, पोटात पिलं आहेत, पण पाणीही भरलंय. जलोदर म्हणतात ह्याला. घाण पाण्यानं होतं."

खाऊ घालायची हौस कुणाची होती ते त्यांना कळलं होतं.

"हिला माझ्याकडं द्या," मी म्हणालो. "आजारी माशांची वेगळी टाकी आहे दुकानात. काय होईल ते कळवतो."

"रेफर करता व्हय?"

एवढं म्हणून त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या, जणू मी ती आत्ताच उचलून नेणार होतो. मग सगळं बोलल्या. त्यांच्या दवाखान्यात कधीकधी पायाला, तोंडाला सूज चढलेली बाई यायची. बीपी वाढलेलं, झटके येण्याची भीती. छोट्या दवाखान्यात ते निभायचं नाही. मग गाडी बोलवायची आणि मोठ्या दवाखान्यात धाडायचं. गाडीपर्यंत तिचा हात मावशींच्या हातात.

"दार लागलं की मी माघारी. खाट पुसायची, तिच्यावर दुसरी पेशंट. आधीची वाचली का गेली, मला कोण सांगणार? आयाला कोण सांगतं, भाऊ? लई जणींचे चेहरे ध्यानात हायेत. पुढचं काय ठाव नाय." त्यांनी काचेवर तळवा टेकला. "हिला मी कुठं धाडणार नाय. काय व्हायचं ते माझ्यासमोर हू द्या."

घरीच उपचार करायचे ठरले. दुकानातून एक छोटी टाकी, हवेचा पंप आणि एप्सम मिठाची पुडी आणून दिली. क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर शिळं करून ठेवलेलं स्वच्छ पाणी, त्यात सांगितलं तेवढंच मीठ, आणि मोली त्यात सोडायची, असं समजावलं. अंगातलं पाणी उतरायला त्याची मदत होते. जलोदर झालेला मासा क्वचितच वाचतो, हेही सांगितलं. पण पिलं तरी हाती लागतील, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर पुडी तशीच्या तशी, सुतळी बांधलेली. मोली आणखी फुगलेली.

"मीठ घातलं नाही?"

"सुजलेल्या बाईला मीठ?" मावशी माझ्यावरच उखडल्या. "सूज दिसली की पयलं मीठ बंद. उभा जल्म मी सासवांच्या डब्यातलं लोणचं काढून ठेवलं, आन् मी हिला मिठात बुडवू?"

माझं डोकं फिरलं. पोटातली पिलं मरायची वेळ आली आणि ह्या लोणच्याचं सांगतात! मी पुडी उचलून त्यांच्यासमोर आपटली. "हे जेवणातलं मीठ नाही हो! नुसतं नाव मीठ. मॅग्नेशियम सल्फेट आहे हे, मॅग्नेशियम सल्फेट!"

मावशी पुडीकडं बघत राहिल्या.

"मॅगसल्फ?" त्यांनी हळूच विचारलं. "झटक्याच्या बाईला गाडीत घालायच्या आधी टोचायचे, ते?"

मला काय माहीत? मी मोबाईलवर पाहिलं. तेच.

"मग आधीच असं बोलायचं ना, भल्या मान्सा! मीठ मीठ काय लावलंय!"

आणि पुडीची सुतळी सोडून त्या कामाला लागल्या. असं काम मी पाहिलेलं नाही. हात धुतले, पदर खोचला, मीठ चमच्यावर सपाट करून मोजलं. मोलीला जाळीनं न धरता वाटीत पाण्यासकट उचलून छोट्या टाकीत सोडलं. तिथलं पाणी रोज बदललं. खाणं बंद. बुद्धभूषण म्हणाला, आई परत ड्युटीवर गेल्यासारखी वागतेय.

सूज थोडी उतरली. खवले पुरते बसले नाहीत, पण मोली कोपरा सोडून फिरायला लागली. मग एका सकाळी मावशींचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "चालू झालंय." मी गेलो तेव्हा त्या टाकीजवळ पाटावर बसल्या होत्या. काही पिलं मेलेलीच आली. ती त्यांनी चमच्यानं बाजूला काढली. जिवंत पिलं पाणवनस्पतीत दडत होती, जिऱ्याएवढी. आईनं खाऊ नये म्हणून आम्ही ती दुसऱ्या भांड्यात हलवली, तिला तरी कुठं तेवढा जोर होता.

"आईचं दुखणं पिलांना येतं का?"

"रक्तातून नाही येत, मावशी. घाण पाण्यातून येतं."

"मग नाय येणार," त्या म्हणाल्या.

मग मला दुकानाच्या कामासाठी लासूर स्टेशनला जावं लागलं. परत आलो तर मावशी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"गेली," म्हणाल्या. "दुपारी. मी तिथंच व्हते."

"वाईट झालं, मावशी."

"वाईट झालंच. माझ्या हातानं झालं, अन्न घालघालून." त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि रस्त्यातल्या माणसांची पर्वा न करता रडल्या. मी शेजारी पायरीवर बसलो. डोळे पुसून त्याच म्हणाल्या, "पण भाऊ, इतक्या जणी गाडीत बसवल्या मी. पुढं काय झालं ते पयल्यांदा मला म्हाईत हाये."