मेट्रनबाईंचा शुक्रवार

जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, दुपारचा खेळ. हजर: मेट्रनबाई, मी, कॉलनीतल्या भिशीच्या बायका आणि चर्चच्या गायनमंडळातले दोन निवृत्त मास्तर. गैरहजर: माझे यजमान. त्यांना कारण विचारायचं नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.

पिक्चर संपला. पडद्यावर नावं सरकू लागली आणि आम्ही सगळे चपला शोधायला वाकलो. तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून आवाज आला, "बसा. अजून डिस्चार्ज मिळालेला नाही."

आम्ही बसलो. तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात. मिशनच्या दवाखान्यात ज्या आवाजाने आयुष्यभर वॉर्ड चालवला, त्या आवाजापुढे उभं राहता येत नसे.

मेट्रनबाई आमच्या शेजारच्या बंगलीत राहत. निवृत्त झाल्या तरी नगरच्या आमच्या सावेडी भागात सगळे त्यांना मेट्रनच म्हणत. दर शुक्रवारी कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये आलेपाक, खांद्यावर शाल, की निघाल्या नव्या पिक्चरला. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत त्या हलत नसत आणि कुणाला हलू देत नसत. मी एकदा कंटाळून कारण विचारलं. म्हणाल्या, "चर्चमध्ये आशीर्वादाच्या आधी उठणारी माणसं बघितलीस ना? ही तसलीच. अगं, ज्यांनी राबून काम केलं त्यांची नावं बघायला दोन मिनिटं नाहीत तुमच्याकडं?"

आमचा गट त्यांनीच उभा केला. नगरला मराठी पिक्चर लागतो तो बहुतेक एका खेळापुरता, तोही भरदुपारी. माणसं कामावर, खुर्च्या रिकाम्या. मेट्रनबाईंच्या मते असा पिक्चर शुक्रवार ते रविवार आयसीयूत असतो. सोमवारपर्यंत तगला तर जगला. "तुला याद्या करायची खोड आहेच," त्या मला म्हणाल्या, "ती जरा कामाला लाव." तेव्हापासून कोण येणार, कुणाच्या गाडीत जागा आहे, कुणाला बाथरूमजवळची खुर्ची लागते, हे सगळं माझ्याकडे.

थिएटरचा मॅनेजर सुरुवातीला कुरकुरायचा. "मेट्रनबाई, एवढ्याशा माणसांसाठी एसी चालवणं परवडत नाही हो."

"एसी नको लावूस. आमच्यातल्या निम्म्यांना सर्दी आहे. पिक्चर लाव."

बाहेर आल्यावर त्या निदान सांगत. "पेशंट इंटरव्हलपर्यंत चांगला होता. नंतर उगाच सलाइन लावलं." गाण्यांचा मारा असला की, "औषध जास्त झालं." पिक्चर मनापासून आवडला तर मात्र काहीच बोलत नसत. गाडीत बसून आलेपाकाचा तुकडा आमच्या हातावर ठेवत, तेवढंच.

पुरस्कारांचा कार्यक्रम टीव्हीवर लागला की आम्ही त्यांच्याकडे जमायचो. नटनट्यांचे कपडे आम्ही बघायचो, त्या घड्याळ बघायच्या. "हिरोला माइक दिला तर सोडतच नाही. आणि साउंडवाला, लाइटवाला? त्यांना जाहिरातीच्या आत उरकलं." मग टीव्हीकडे बोट करून, "ऑपरेशन डॉक्टर करतो हे कबूल. पण रात्रभर जागं कोण असतं?"

आता साउंडवाल्याची गोष्ट. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

देवळाली प्रवराच्या किसनरावांचा मुलगा सोमनाथ डिप्लोमा करायला नगरला आला आणि मेट्रनबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. शुक्रवारी तोही आमच्याबरोबर यायचा. पिक्चर बघताना मधेच डोळे मिटून घ्यायचा. झोपला म्हणून मी एकदा कोपराने ढोसलं, तर म्हणाला, "मावशी, ऐकतोय." पुढे त्याने डिप्लोमा अर्ध्यावर सोडला आणि ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याला गेला. किसनराव सामान न्यायला आले, ते ओट्याखालीच उभे राहिले.

"बाई, तुमच्या भरवशावर पोरगं ठिवलं हुतं. तुमीच नादाला लावलं त्याला."

मेट्रनबाईंनी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. सामान टेम्पोत टाकलं आणि गेले. बाप-लेकाचं बोलणंही तेव्हापासून तुटलं.

बाईंनी कधी स्वतःची बाजू मांडली नाही. पण पुढे कितीतरी दिवस शुक्रवारी नावं सुरू झाली की त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची, आणि मी तिथे सरकले तर म्हणायच्या, "राहू दे."

मग बातमी आली. सोमनाथने ज्या पिक्चरवर काम केलं होतं त्याला पुरस्कार मिळाला. ध्वनीचा. सोमनाथ त्यात साहाय्यक होता, स्टेजवर नव्हता, पण मेट्रनबाईंनी कॉलनीत पेढे वाटले. पिक्चर थिएटरात यायला नंतर बरेच महिने गेले. "निकाल आधी लागला, पेपर आता," त्या म्हणाल्या. नगरला एकच खेळ मिळाला, दुपारचा. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, माणसं दिसली नाहीत तर रविवारी तिथे दुसरा पिक्चर.

"किसनरावांनी हा बघायला हवा," बाई म्हणाल्या. "टीव्हीवर नाही. इथं."

सोमनाथ मुंबईहून येतो म्हणाला. त्याला बाईंनी अडवलं. "तू आलास तर ते तुझ्याकडं बघतील. मला ते पडद्याकडं बघायला हवेत."

शुक्रवारी आमचा गट गेला. शनिवारसाठी गायनमंडळ आणि दवाखान्यातल्या जुन्या नर्सेस जमवल्या. म्हणजे रविवारचा खेळ वाचला. राहिले किसनराव. ते फोन उचलत नव्हते, म्हणून शनिवारी सकाळी मी आणि बाई माझ्या गाडीतून थेट त्यांच्या शेतावर. ऊसतोड नुकतीच आटोपली होती, मोळ्यांची शेवटची ट्रॉली कारखान्याला निघत होती.

"किसनराव, उद्यासाठी तुमची खुर्ची धरलीय," बाईंनी एवढंच सांगितलं.

"पोरगं नेलं तुमी, आता मला बी नेता का?"

"नेते. दिवे लागायच्या आत आणून सोडते."

ट्रॉलीवाला हसला. किसनराव हसले नाहीत. "मला न्हाई जमायचं," म्हणाले आणि वळले. तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या त्यांच्या मंडळी पदर खोचत म्हणाल्या, "नका येऊ. तुमी म्हशी बघा. मी चालले बाईंसंगं."

रविवारी दोघंही आले. किसनराव धुतलेलं धोतर नेसून, तोंड फुगवून. मेट्रनबाईंनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. मी मागच्या रांगेत. पिक्चर सुरू झाला तरी त्यांच्या हातांची घडी सुटली नाही. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदोनदा तर दाराकडेच बघत होते.

इंटरव्हलनंतर एक प्रसंग होता. पहाटेचं शेत, कुणी बोलत नाही. लांबून विहिरीवरची मोटार ऐकू येते. सुरू होताना खोकल्यासारखा आवाज, मग घरघर, मग मधेच एक किरकिर.

किसनरावांची घडी सुटली. ते पुढे झुकले.

"आगं, ही आपली मोटार हाय," ते मंडळींना म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. "बेरिंग गेलेली. आपलीच हाय."

"व्हय, आपलीच," मंडळी म्हणाल्या. "दिवाळीत आलता तवा त्यो तारा घेऊन हिरीवर बसला हुता. तुमी खळ्यावर हुता."

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाईंनी त्यांना नुसतं हाताने पुढे बघायला सांगितलं. त्यानंतर किसनरावांनी डोळे मिटून घेतले, आणि उरलेला सगळा पिक्चर तसाच ऐकला. मला त्यांच्या मुलाला मारलेलं कोपर आठवलं.

शेवटी नावं सुरू झाली, आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरने दिवे लावले. झाडूवाल्या आत आल्या. मेट्रनबाई उठल्या. मी त्यांना नावं चालू असताना उठलेलं पहिल्यांदा बघितलं.

"दिवे बंद कर."

"बाई, पुढचा खेळ आहे…"

"माझा पेशंट अजून आत आहे. दिवे बंद."

दिवे बंद झाले. पण नावं बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि पळत होती. किसनराव नुसते मान वर-खाली करत होते. शुक्रवारी येऊन गेल्यामुळे नाव कुठे येतं ते बाईंना माहीत होतं. ते आलं तशी त्यांनी ओपीडीत पुकारतात तशी खणखणीत हाक दिली, "सोमनाथ किसन!"

आणि किसनराव उभे राहिले. दवाखान्यात आपल्या माणसाचं नाव पुकारल्यावर राहतात तसे, टोपी सारखी करत, झटक्यात. मंडळीही उभ्या राहिल्या. मग काय, गायनमंडळ उभं राहिलं, भिशी उभी राहिली, हातात झाडू घेतलेल्या बायका तर उभ्याच होत्या.

बाहेर आल्यावर मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते, निदान काय सांगतात म्हणून. त्या गप्प होत्या. पर्समधून आलेपाक काढून त्यांनी किसनरावांपुढे धरला. त्यांनी या वेळी घेतला. बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "बाई, ते बेरिंग म्या कवाच बदलणार हुतो. बरं झालं, न्हाई बदललं." मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, पोराला लावून द्या की. माझ्या हातानं लागंना."

त्यानंतर ते दर हंगामात बाईंकडे येऊ लागले. गुळाची ढेप ओट्याखाली न ठेवता सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचे.

गेल्या महिन्यात मेट्रनबाई गेल्या. झोपेतच. मी सगळ्यांना कळवलं, चर्चमधल्यांना, दवाखान्यातल्यांना, सोमनाथला. "आप्पांना तुम्ही नका सांगू मावशी, मी सांगतो," तो वडिलांबद्दल म्हणाला. म्हणून तेवढा फोन मी केला नाही.

परवा संध्याकाळी किसनरावांचाच आला.

"मॅडम, बाईंचा फोन बंद लागतोय. शुक्रवारी पोराचं नवं पिक्चर येतंय, ठावं हाय ना? बाईंना म्हनावं, आवंदा शिटा मी धरनार. त्यांनी फकस्त यायचं."

सोमनाथने अजून सांगितलं नव्हतं तर. मी "बरं" म्हणाले.

आज बुधवार. गाड्या ठरल्या. भिशीतल्या सगळ्या येत आहेत, यजमानही येतो म्हणाले. नावं संपेपर्यंत दिवे लावू नका असं मॅनेजरला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "ते आता सांगावं लागत नाही." किसनरावांना फोन करायचा राहिला आहे.